लग्नाच्या चित्रीकरणावर तयार प्रीसेट लावल्यावर हळद आणि हिरवा चुडा यांचे रंग बिघडतात

प्रश्न (नाशिकचा संकलक)

नमस्कार. मी लग्नसमारंभांच्या चित्रफितींचे संकलन करतो आणि त्यासाठी डाविंची रिझॉल्व्ह या संकलन आणि रंगसंस्काराच्या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती वापरतो. सध्याच्या कामात मुख्य कॅमेरा सोनीचा असून त्यावर एस-लॉग३ (नंतर रंगसंस्कार करण्यासाठीच्या फिकट नोंदणी) मध्ये चित्रीकरण झाले आहे. दुसऱ्या बाजूची दृश्ये मात्र मोबाइलवर, नेहमीच्या प्रोफाइलमध्ये घेतलेली आहेत. विकत घेतलेल्या लट (LUT) फाइलींच्या, म्हणजे रंग बदलणाऱ्या तयार प्रीसेटच्या, संचातील एकच फाइल मी दोन्हींवर लावून पाहिली. कॅमेऱ्याच्या क्लिप बऱ्या दिसतात, परंतु मोबाइलच्या क्लिपमध्ये सावल्या पार काळ्या होतात आणि रंग भडक होतात. त्याहून मोठी अडचण हळदीच्या कार्यक्रमाची आहे: नवरीच्या चेहऱ्यावरची हळद नारिंगी दिसते आणि हातातला हिरवा चुडा निळसर होतो. लट नोडच्या (रंगसंस्काराच्या एकेका पायरीच्या) साखळीत नेमका कुठे लावावा? आणि प्रीसेट वापरूच नयेत, असे काही जण सांगतात, ते कितपत योग्य आहे?

उत्तर (रंगसंस्कारक, पुणे)

प्रीसेट वापरण्यात काहीच गैर नाही. मात्र तो कोणत्या प्रकारच्या चित्रासाठी बनवला आहे, हे जाणल्याशिवाय वापरू नये. लट फाइल म्हणजे केवळ एक तक्ता असतो. अमुक लाल, हिरवा, निळा आत आला तर अमुक बाहेर द्यावा, एवढेच त्यात लिहिलेले असते. नेहमीच्या ३३ बिंदूंच्या त्रिमितीय लटमध्ये ३३ × ३३ × ३३, म्हणजे ३५,९३७ नोंदी असतात आणि मधल्या छटा सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. समोर चेहरा आहे की भिंत, क्लिप कॅमेऱ्याची आहे की मोबाइलची, यांपैकी काहीही त्या तक्त्याला कळत नाही.

एस-लॉग३ मध्ये १८ टक्के परावर्तनाचा करडा रंग सुमारे ४१ टक्क्यांवर आणि ९० टक्क्यांचा पांढरा सुमारे ६१ टक्क्यांवर नोंदवला जातो; म्हणूनच ते चित्र फिकट दिसते. आपली फाइल हे फिकटपण गृहीत धरून कॉन्ट्रास्ट ताणते. मोबाइलची क्लिप मात्र अगोदरच पडद्यासाठी तयार झालेली असते, त्यामुळे तिच्यावर तोच ताण दुसऱ्यांदा पडतो आणि सावल्यांमधला तपशील नाहीसा होतो.

यावर उपाय असा, की रूपांतर (लॉग चित्र पडद्याच्या रंगांत आणणे) आणि लूक (त्यावर चढवलेली खास रंगछटा) ही दोन कामे वेगळी करावीत. पहिल्या नोडमध्ये एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दुरुस्त करावा. दुसऱ्या नोडमध्ये कलर स्पेस ट्रान्सफॉर्म हे रूपांतराचे साधन लावून एस-गॅमट३.सिने (कॅमेऱ्याची रंगव्याप्ती) आणि एस-लॉग३ यांवरून रेक.७०९ (नेहमीच्या पडद्याचे रंगमानक) वर यावे (चित्रीकरण एस-गॅमट३ मध्ये असेल, तर तसे निवडावे). लूक तिसऱ्या नोडमध्ये ठेवावा, आणि त्यासाठी रेक.७०९ गृहीत धरणारीच फाइल निवडावी. मोबाइलच्या क्लिपना दुसरा नोड नको. त्या दुरुस्तीनंतर थेट लूककडे जातील आणि दोन्ही चित्रे एकमेकांजवळ येतील.

दुरुस्तीचा नोड लटच्या आधी ठेवण्यामागे ठोस कारण आहे. तक्त्याच्या मर्यादेपलीकडची मूल्ये लट कापून टाकतो. पांढऱ्या मुंडावळ्यांवरचा उजेड एकदा कापला गेला, की पुढच्या नोडमध्ये कितीही खाली ओढला तरी मोत्यांचे आकार परत मिळत नाहीत.

उत्तर (लघुपटांची संकलक)

वरील क्रमाशी मी सहमत आहे, परंतु हळदीचा प्रश्न केवळ क्रमाने सुटणार नाही. बाजारातील बहुतेक लूक त्वचेला नारिंगीकडे आणि सावल्यांना निळसर हिरव्याकडे ढकलतात. साध्या त्वचेला हे शोभून दिसते, पण हळद लावलेला चेहरा मुळातच पिवळ्याकडे झुकलेला असतो. व्हेक्टरस्कोपवरची (चित्रातील रंगांची दिशा आणि तीव्रता दाखवणाऱ्या आलेखावरची) त्वचेची रेषा लाल आणि पिवळा यांच्या मधून जाते. हळदीचा चेहरा त्या रेषेवर आणण्याचा प्रयत्न केला, तर हळदच पुसली जाते. म्हणून त्या प्रसंगात व्हाइट बॅलन्स ठरवताना हळद न लागलेली त्वचा पाहावी: मानेची मागची बाजू, पाहुण्यांचे चेहरे किंवा शेजारी बसलेल्या करवलीचा हात. ही त्वचा त्या रेषेवर आली, की हळद जशी दिसेल तीच खरी मानावी. कापडी मांडवाचा रंगही चेहऱ्यांवर उतरतो, तेव्हा हे पाहणे आणखी आवश्यक होते.

उत्तर (एक वाचक)

इतके सगळे करण्याऐवजी लटच्या नोडचा की आउटपुट गेन (नोडच्या परिणामाची तीव्रता) १ वरून ०.५ वर आणावा. परिणाम निम्मा होतो आणि बहुतेक तक्रारी मिटतात.

उत्तर (रंगसंस्कारक, पुणे)

ही सूचना उपयुक्त आहे, परंतु रूपांतर आणि लूक एकाच फाइलमध्ये असतील, तर ती लागू पडत नाही. गेन निम्मा केल्यावर निम्मे तयार चित्र आणि निम्मे कच्चे लॉग चित्र एकत्र मिसळते, आणि सगळ्यावर धुरकट थर येतो. लूक स्वतंत्र नोडमध्ये असेल, तर मात्र गेन जरूर कमी करावा. लग्नाच्या कामात मी स्वतः पूर्ण तीव्रता क्वचितच ठेवतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोड वेगळे केल्यावर मोबाइलच्या क्लिप सुधारल्या आणि चेहरेही ठीक दिसू लागले. चुडा मात्र अजूनही निळसर आहे. तो लूकनंतरच्या नोडमध्ये दुरुस्त करावा का?

उत्तर (लघुपटांची संकलक)

नंतर नव्हे, आधी. लूक लागल्यावर चुड्याचा हिरवा आणि सावल्यांचा निळसर हिरवा एकमेकांत मिसळतात, त्यामुळे क्वालिफायरला (रंगानुसार भाग निवडणाऱ्या साधनाला) ते वेगळे निवडता येत नाहीत. लूकच्या आधीच्या नोडमध्ये हिरवा स्वच्छ वेगळा मिळतो. तेथे बांगड्यांची निवड करावी, ती किंचित मऊ करावी, नोडचा की आउटपुट (निवडीचा मुखवटा बाहेर देणारी जोडणी) लूकच्या नोडच्या की इनपुटला जोडावा आणि तेथे निवड उलटी करावी. म्हणजे बांगड्या वगळून बाकी चित्राला लूक लागेल. मागे झाडे किंवा हिरवा शालू असेल, तर हाताभोवती पॉवर विंडो (निवड मर्यादित करणारी चौकट) काढून ती हाताबरोबर हलेल अशी ट्रॅक करावी. निवडीच्या कडा थरथरत असतील, तर हा मार्ग सोडून त्याच नोडमध्ये ह्यू व्हर्सेस ह्यू (एक रंगछटा दुसरीकडे सरकवणाऱ्या) वक्राने हिरवा थोडा पिवळ्याकडे सरकवावा. लूक त्याला निळ्याकडे ओढेल, तेव्हा तो मूळ जागेच्या आसपास येऊन थांबेल.