मदत हवी आहे : मणक्याच्या दोन ऑपरेशननंतरही पाय जळतो, स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरची ट्रायल घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

थोरल्या भावासाठी विचारतेय. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. दादा ५२ वर्षांचा. खाणी जोरात होत्या तेव्हा त्याचा स्वतःचा ट्रक होता, खाणीवरून जेटीपर्यंत खनिजाच्या फेऱ्या मारायचा. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे थोड्या चालल्या आणि २०१८ मध्ये परत बंद पडल्या, तेव्हा ट्रक विकून त्याने छोटा टेंपो घेतला. कंबर ट्रकवर असल्यापासूनच धरायची. पुढे मणक्यातली गादी सरकली आणि डाव्या पायात कळ सुरू झाली. पहिल्या ऑपरेशननंतर पाय मोकळा झाला, पण वर्षभरात दुखणं परत आलं. दुसऱ्या वेळी स्क्रू बसवले. आता एमआरआयमध्ये नस कुठे दबलेली दिसत नाही, स्क्रू जागच्या जागी आहेत, हाड जुळलंय. सर्जनच्या मते आता कापून सुधारण्यासारखं काही उरलेलं नाही. पाय मात्र जळतोच आहे.

जळतो म्हणजे पोटरीच्या बाहेरच्या बाजूने पार अंगठ्यापर्यंत मिरची चोळल्यासारखा. रात्री पायावर चादर सोसत नाही. पंख्याचा वारा लागला तरी तो पाय आखडून घेतो, म्हणून मे महिन्यातसुद्धा पंखा भिंतीकडे वळवलेला असतो आणि वहिनी घामाने भिजत झोपते. डाव्या पायातली चप्पल तो टाचेत न अडकवता नुसती ओढत चालतो. टेंपोचा क्लच दाबणं तर केव्हाच सुटलं. चवथीला आमच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधायची ती दादानेच. रानातून फळं आणण्यापासून सुपारीचे घोस टांगण्यापर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. गेल्या चवथीला खुर्चीवर बसून तो मुलांना नुसतं सांगत होता, आणि तेही थोडा वेळच, कारण बसणंही जमत नाही.

नसेच्या दुखण्याची गोळी प्रीगॅबालिन, ती वाढवली की दिवसभर गुंगी. त्याचसाठी ड्युलोक्सेटिनही चालू आहे. फार झालं की ट्रॅमाडॉल ही जोरदार वेदनाशामक गोळी. मणक्यातली इंजेक्शनं झाली, त्यांचा गुण काही आठवडे टिकला. फिजिओ नियमित करतो.

आता राज्याबाहेरच्या एका पेन क्लिनिकमध्ये स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरचा सल्ला मिळालाय. मला समजलं ते असं : मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर, सुईवाटे बारीक तारा सरकवायच्या. तारांच्या टोकाला इलेक्ट्रोड असतात. त्यांतून सौम्य वीज सोडली की पायाकडून मेंदूकडे जाणारा दुखण्याचा निरोप वाटेतच कमजोर होतो. मागचा विचार जुना आहे, मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली 'गेट कंट्रोल' उपपत्ती, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत शीली यांनी माणसावर पहिल्यांदा असं उपकरण बसवलं. आधी ट्रायल करतात, म्हणजे तारा आत आणि बॅटरीचं यंत्र बाहेर पट्ट्याला. काही दिवस बघायचं. दुखणं निम्मं तरी कमी झालं तरच बॅटरी कंबरेखाली कातडीच्या आत कायमची बसवायची. नाही झालं तर तारा ओढून काढून टाकायच्या.

ऐकायला हे सरळ आहे, आणि दादा तयारही आहे. माझी खरी अडचण त्याच्या तयारीचीच आहे. कुणी शून्य ते दहामध्ये दुखणं किती असं विचारलं की डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून तो एक आकडा कमीच सांगतो. घरी विचारलं तर "बरं आहे गं" एवढंच. इंजेक्शनानंतरही पहिल्या आठवड्यात "खूप फरक आहे" म्हणाला होता. इतकी आस लावून बसलेला माणूस ट्रायलच्या त्या चार दिवसांत काय सांगणार? त्याच्या एका आकड्यावर आम्ही एवढं मोठं यंत्र कायमचं बसवायचं का? ट्रायल लागू पडली हे घरच्यांनी कशावरून ओळखायचं?

त्यात २०२३ चा कोक्रेन आढावा वाचला (कोक्रेन ही संस्था एखाद्या उपचारावरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासते). कंबरदुखीत या उपचाराचा फायदा खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या, उपचारापेक्षा टिकाऊ असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा सूर आहे. मग हे करायचं तरी का?

खर्चही आहेच. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाख. दादाचं कुटुंब चौघांचं. रिचार्ज होणाऱ्या यंत्राचा सांगितलेला आकडा त्यापलीकडचा आहे.

कुणी हे बसवलंय का? घरात कुणाचं आहे का? नंतरचं जगणं कसं असतं तेही सांगा.

– रानजाई

प्रतिसाद : नीलपंख

रानजाई, मी भूलतज्ज्ञ आहे आणि वेदनाचिकित्सेचं काम करतो. दादांना तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

आधी पुराव्याबद्दल. कोक्रेनने पाहिली ती मुख्यतः कंबरदुखी. दादांचं दुखणं मुख्यतः पायातलं, नसेचं. चादर आणि वारा सोसत नाही हे नस दुखावल्याचं ठळक लक्षण आहे. स्टिम्युलेटरचा उपयोग अशाच दुखण्यात जास्त होतो. उठता-बसता कंबर धरते त्यात कमी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मणक्याच्या ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेले १०० रुग्ण होते. सहा महिन्यांनी पायदुखी निम्म्याने कमी झालेले स्टिम्युलेटरच्या गटात ४८ टक्के, नुसत्या औषधोपचाराच्या गटात ९ टक्के.

हे वाचून हुरळून जाऊ नका, कारण त्या चाचणीत कुणाला यंत्र बसवलंय हे रुग्णांना माहीत होतं. नॉर्वेत मात्र यंत्र चालू आहे की बंद हे रुग्णांपासून लपवून ५० जणांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. रुग्ण अगदी दादांसारखेच, ऑपरेशननंतर पाय दुखणारे. चालू आणि बंद यांत लक्षणीय फरक दिसला नाही. त्यात विजेची एकच पद्धत, 'बर्स्ट', वापरली होती आणि तिच्या सेटिंगवर टीकाही झाली. तरी मी प्रत्येक रुग्णाला दोन्ही गोष्टी सांगतो. काही जणांचं आयुष्य बदललेलं मी पाहिलंय, पण ते आधी ओळखायची खात्रीची खूण आमच्याकडे नाही. ट्रायल त्यासाठीच.

तुमचा मुख्य प्रश्न अगदी योग्य आहे. अपेक्षेनेही दुखणं काही दिवस खरोखर कमी होतं, त्यात दादा खोटं बोलत नसतात. म्हणून आकड्यावर थांबू नका. दादा सध्या काय करू शकत नाहीत ते ट्रायलच्या आधी कागदावर लिहा आणि डॉक्टरांनाही द्या. पायावर चादर किती वेळ राहते, रात्री किती वेळा उठतात, सलग किती वेळ बसतात, कुठवर चालतात. ट्रायलमध्ये तेच पुन्हा बघा, आणि नोंद वहिनींनी ठेवावी. गुण आला तर तो झोपेत आणि चालण्यात दिसलाच पाहिजे. ट्रॅमाडॉलची गोळी आपोआप सुटली तर ती मोठी खूण. दादा "सत्तर टक्के बरं" म्हणताहेत पण चादर अजून पायाशी गुंडाळलेलीच आहे, तर कायमचं यंत्र बसवायची घाई करू नका. ट्रायल थोडी लांबवता येईल का तेही विचारा, फक्त तारा जितके दिवस बाहेर तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आणखी थोडं. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरोसर्जरी विभागात एमआरआय दाखवून दुसरं मत घ्या. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर त्या कधी थांबवायच्या ते लिहून घ्या. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं तर दादांना वाईट वाटू देऊ नका, ते या उपचाराच्या तयारीचाच भाग आहे.

प्रतिसाद : खाजन

ताई, मी सावंतवाडीचा. मला हे यंत्र बसवून काही वर्षं झाली. माझंही ऑपरेशननंतरचंच, उजवा पाय.

पाय पूर्ण बरा झालेला नाही. जळजळ आहे, पण तिच्यासकट झोप लागते, आणि झोप लागली की बाकीचं पेलवतं. दिवसा गोळी लागत नाही.

बसवल्यावर सुरुवातीचे आठवडे फार सांभाळावे लागतात. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, हात उंच करून माळ्यावरचं काढायचं नाही, कारण तार अजून धरलेली नसते. माझी तार थोडी सरकली. यंत्राच्या विजेने पायात मुंग्या येतात, त्या एके सकाळी पायाऐवजी बरगडीत यायला लागल्या. प्रोग्रॅमिंग, म्हणजे विजेची सेटिंग, बदलून काम भागलं, पण काहींना पुन्हा टेबलावर जावं लागतं. माझं यंत्र मुंग्या आणणारं आहे. उताणं झोपलं की झटका वाढतो, कारण मज्जारज्जू तारेच्या जवळ येतो. बसल्यावर कमी होतो. रिमोटने कमीजास्त करायची सवय होते. हल्ली मुंग्या न आणणारी, १० किलोहर्ट्झवर चालणारी यंत्रंही आहेत, त्यांचं विचारून बघा.

दादा टेंपो चालवायचे म्हणून मुद्दाम सांगतो, मुंग्या येणारं यंत्र गाडी चालवताना बंद ठेवायला सांगतात. पुन्हा गाडीवर बसायच्या आशेने ते हे करत असतील तर हे बोलणं आधीच होऊ द्या.

बॅटरी चार्ज करायला पट्टा बांधून बसावं लागतं. पावसात आमच्याकडे वीज जाते तशी तुमच्याकडेही जात असणार. मी चार्ज कधी अर्ध्याच्या खाली येऊ देत नाही. चार्जिंगची कटकट नको असेल तर रिचार्ज न होणारं मिळतं, पण ते काही वर्षांतच बदलावं लागतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रोग्रॅमिंगसाठी कंपनीचा माणूस कुठे आणि किती दिवसांत भेटेल ते पैसे भरायच्या आधी विचारा. पाय पेटलेला असताना रात्रभर गाडीत बसून जायचं म्हणजे काय ते तुमच्या दादांना सांगायला नको.

प्रतिसाद : सुरंगी

मी मडगावला फिजिओथेरपिस्ट आहे. एकच गोष्ट, पण ती घरात सगळ्यांना पाठ हवी. यंत्र बसवल्यावर शॉर्टवेव्ह डायथर्मी, म्हणजे तो विजेचा शेक, कधीही घ्यायचा नाही, अंगाच्या कुठल्याही भागावर नाही. तारा तापून मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे खांदा आखडला, गुडघा दुखला की पहिल्याच दिवशी शेक देतात, आणि पाठीत यंत्र आहे का असं कुणी विचारेलच असं नाही. इम्प्लांटचं कार्ड दादांच्या पाकिटात कायम हवं. एमआरआय काढायच्या आधीही ते दाखवायचं, सगळी यंत्रं सगळ्या एमआरआयला चालत नाहीत. मोपा किंवा दाबोळी विमानतळावर सुरक्षा तपासणीतही तेच कार्ड उपयोगी पडतं.

तोवर व्यायाम सोडू नका. यंत्राने दुखणं कमी झालं तरी वाळलेली मांडी आपोआप भरत नाही.

रानजाई :

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री दादा आणि वहिनीला सगळं वाचून दाखवलं. गाडीचं ऐकून दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, टेंपो पुतण्याला देतो, मला झोप मिळू दे.

वहिनीने वही केली आहे. ट्रायलच्या आधीपासूनच रोज लिहायचं ठरलंय : चादर, झोप, जेवताना बसणं, देवळापर्यंत चालणं, गोळ्या. दादाला वही दाखवायची नाही, हे त्यानेच सुचवलं. गोमेकॉत दुसरं मत घेणार आहोत. क्लिनिकला प्रोग्रॅमिंगचं, यंत्राच्या प्रकाराचं आणि ट्रायल लांबवण्याचं लेखी विचारलंय.

अजून दोन गोष्टी हव्या आहेत. दीनदयाळ योजनेतून किंवा खाजगी विम्यातून यंत्राचा काही भाग कुणाला मिळाला असेल तर कागदपत्रं काय लागली, आणि ट्रायलचा खर्च वेगळा धरला की एकत्र, ते सांगा. आणि ज्यांची ट्रायल फसली किंवा ज्यांना यंत्र नंतर काढावं लागलं, त्यांनी कृपया नक्की लिहा. इथे नको असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा. बरं झालेल्यांचे अनुभव शोधले की मिळतात, तुमचे मिळत नाहीत, आणि निर्णय घेताना आम्हाला तेही समोर हवेत.