मदत हवी आहे : ताओ आणि इवातान भाषांचे उच्चार देवनागरीत कसे लिहू?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर मी बाटानिक भाषांवर बोलणार आहे. ताओ (हिलाच यामी म्हणतात), इवातान, इत्बायात आणि बाबुयान बेटावरची इबातान, एवढंच हे छोटं कुटुंब. पैकी ताओ तैवानच्या लान्यू बेटावर बोलतात, बाकीच्या फिलिपिन्सच्या उत्तर टोकाला. मधे बाशीची खाडी. तैवानमधल्या इतर मूळ भाषांपेक्षा ताओचं नातं फिलिपिन्सकडच्या भाषांशी जवळचं आहे. राज्याची सीमा एकीकडे आणि भाषेचं माहेर दुसरीकडे, हे मला फार भिडलं.

अडचण आहे ती बोलताना दाखवायच्या उच्चारांच्या देवनागरी तक्त्याची. फिलिपिन्समधल्या तागालोग भाषेत घराला 'बहाय' म्हणतात. ताओ आणि इवातानमध्ये त्या 'ब'च्या जागी खालचा ओठ दातांना लावून काढलेला घर्षक (हवा घासत बाहेर पडते असा) ध्वनी येतो. त्याशिवाय ओठ गोल करून काढायचा 'व' या भाषांत वेगळा आहेच. दोन्हींना एकच 'व' लिहिला तर फरकच पुसला जातो. 'व्ह' लिहिलं तर आपली माणसं 'व्हावे'तल्यासारखं वाचतील. नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब दिलेला, 'व़' चालेल का? की आधी टीप देऊन 'व्ह'च ठेवू?

शिवाय कुणी तैवानला शिकायला किंवा नोकरीला असाल, तर ताओ बोलणाऱ्यांचं ध्वनिमुद्रण कुठे ऐकायला मिळेल तेही सांगा. लान्यूवर उडत्या माशांचा हंगाम मोठा मानतात, त्याबद्दलचं बोलणं मिळालं तर फारच उत्तम. छापील अक्षरांवरून उच्चार ठरवायला मन धजत नाही.