मशीन बंद, धुणं रोजचं: सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

फ्लॅट ३०२ : नमस्कार मंडळी. आमच्या वॉशिंग मशीनची मोटर गेली आहे. पार्ट मागवलाय, पण कधी येईल ते नक्की सांगत नाहीत. घरात सहा माणसं, त्यात बाळ, आणि सासूबाई अंथरुणावर. काल चादरी पिळून मनगटं भरून आली. हाताने धुण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी सांगा, कुठे जोर लावायचा आणि कुठे नाही?

फ्लॅट १०४ : ताई, मोटरच गेली असेल तर घरी काही करता येणार नाही. आधी विचारणार होतो की नुसतं स्पिन चालतंय का. कारण धुणं हाताने केलं तरी पिळायचं काम मशीनने केलं तर निम्मा त्रास वाचतो. इतरांसाठी लिहून ठेवतो : मशीनमध्ये पाणी अडकलं तर मोठा बिघाड समजून लगेच घाबरू नका. फ्रंट लोडमध्ये बहुतेक वेळा खाली कोपऱ्यात झाकणाआड फिल्टर असतो, त्यात नाणं, केसांचा गुंता, छोटा मोजा अडकलेला असतो. प्लग काढा, नळ बंद करा, पाणी गरम असेल तर निवू द्या, खाली परात ठेवा आणि मगच फिल्टर उघडा. पाणी आत येतच नसेल तर मागे पाइप जोडतो तिथली बारीक जाळी बघा.

फ्लॅट ५०१ : ३०२, सगळ्यात आधी एक सांगते. चोळण्यात जीव घालवू नका. मी अजूनही बरेचसे कपडे हाताने धुते, आणि खरं काम पावडर आणि वेळ करतात. हात लागतो तो फक्त कॉलर, काखा, बाह्यांच्या कडा आणि पँटच्या खालच्या घेराला.

पावडर आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग कपडे टाका. कपड्यांवर कोरडी भुरभुरली तर घड्यांत अडकून गडद कपड्यांवर पांढरे पट्टे राहतात. अर्धा तास भिजलं की पुरे. रात्रभर ठेवलं तर कपडे आंबतात आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. पाणी कोमट घ्या. हल्लीच्या पुष्कळ पावडरींत एन्झाइम, म्हणजे डागातली प्रथिनं वगैरे तोडणारे घटक असतात, ते ३० ते ४० अंशांच्या आसपास नीट काम करतात आणि कडकडीत पाण्यात निकामी होतात. लोकर आणि रेशीम मात्र या पावडरीत घालायचं नाही, कारण ते धागे प्रथिनांचे असतात आणि एन्झाइम त्यांनाही खातात.

पावडर जास्त घातली तर फेस जास्त येतो, कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत. जादा घातलेली प्रत्येक चिमूट नंतर पाण्यातून काढावी लागते, आणि थकायला होतं ते तिथेच.

फ्लॅट ३०२ : काकू, खरंच तिथेच दमायला होतं. बादलीमागून बादली पाणी काढलं तरी फेस संपत नव्हता.

फ्लॅट ५०१ : साबणाच्या पाण्यातून उचललेला कपडा तसाच स्वच्छ पाण्यात टाकू नका. आधी पिळा, मग पाण्यात खळबळा, पुन्हा पिळा. न पिळता टाकलात तर अर्धी बादली साबणपाणीच दुसऱ्या बादलीत जातं.

फ्लॅट ३०५ : काकूंचं बरोबर आहे, त्याचा हिशोबही मांडता येतो. समजा पिळलेल्या कपड्यांत १ लिटर साबणपाणी उरलं. ९ लिटर पाण्यात एकदाच खळबळलं तर साबण दहाव्या हिश्शावर येतो. तेच ९ लिटर तीन-तीन लिटर करून तीनदा वापरलं आणि दर वेळी पिळलं, तर दर खेपेला चौथा हिस्सा उरतो, म्हणजे शेवटी चौसष्टावा. पाणी तेवढंच लागतं. आणि हे शेवटचं पाणी फेकू नका, पुढच्या खेपेचे कपडे त्यात भिजतात.

फ्लॅट ४०४ : सर, हे फार कामाचं आहे. मी तर एकदाच भरपूर पाणी घेत होते.

फ्लॅट ५०१ : एकच साबणपाणी क्रमाने वापरा : आधी पांढरे, मग फिके, मग गडद, शेवटी पायपुसणी. नवा रंगीत कपडा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने आतल्या शिवणीवर दाबून बघा. फडक्याला रंग आला तर तो वेगळा धुवा.

डागांचं म्हणाल तर रक्त, दूध, घाम यांना आधी गार पाणी. गरम पाण्याने असले डाग धाग्यात पक्के बसतात. तेलाचा डाग उलट, कपडा कोरडा असतानाच त्यावर भांड्यांचं लिक्विड चोळायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि मग भिजवायचं.

फ्लॅट ३०२ : चादरींचं काय करू? त्या ओल्या झाल्या की उचलवत नाहीत.

फ्लॅट ५०१ : एका दिवशी एकच चादर, तिच्याबरोबर दुसरं मोठं काही नाही. टबमध्ये घालून पायाने तुडवा, हातापेक्षा पायात जोर जास्त असतो. भिंतीला धरून उभ्या राहा, साबणाने पाय घसरतो. पिळताना दोन टोकांना दोघं. एकट्या असाल तर पिळूच नका. दुमडून बाथरूममधल्या दांडीवर टाका आणि निथळू द्या, मग खालची कड तेवढी दाबून काढा. नळाला गुंडाळून पिळायचं मात्र टाळा, भिंतीतला जोड ढिला होतो. आणि बादली स्टुलावर ठेवा. जमिनीवर वाकून धुतलं की मनगटाच्या आधी कंबर जाते.

फ्लॅट २०२ : यातच एक विनंती. चादर पूर्ण निथळल्याशिवाय गॅलरीत घालू नका. वरून ठिबकलं की आमचे वाळत आलेले कपडे पुन्हा ओले होतात. रागावून लिहीत नाही, पण खालच्या मजल्यावर हे रोजचं आहे.

फ्लॅट ३०२ : काकू, बरं झालं सांगितलंत. निथळवूनच बाहेर काढेन.

सेक्रेटरी : गच्चीवरच्या दोन दोऱ्या रिकाम्या आहेत, ३०२ ने वापराव्यात. चावी वॉचमनकडे आहे. इतर कोणाचं मशीन बंद असेल तर मला सांगा, आलटून पालटून दिवस ठरवू.

फ्लॅट ४०४ : आमच्या घरात ऊन अजिबात येत नाही, म्हणून वाळवण्याचं मी सांगू शकते. ऊन नसलं तरी चालतं, वारा हवा. पंख्याखाली स्टँड ठेवा, दोन कपड्यांत बोटभर अंतर, जाड कपड्याशेजारी पातळ. शर्ट हँगरला लावा. जीन्स उलटी करून कमरेकडून टांगा, खिसे बाहेर काढा, कारण शेवटपर्यंत ओले राहतात ते खिसे आणि कमरपट्टा. मध्ये एकदा बाजू बदला. आणि खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर कपड्यातलं पाणी भिंतीवर जाऊन बसतं. घाईचा कपडा असेल तर कोरड्या टॉवेलात गुंडाळून, वरून दाबून मग टांगा, खूप लवकर वाळतो.

फ्लॅट ६०३ : वाळूनसुद्धा कुबट वास येतो त्याबद्दल थोडं लिहिते, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी त्या वासामागचा एक जिवाणू दाखवला, मोरॅक्सेला ओस्लोएन्सिस. कपड्यात उरलेल्या घामावर आणि त्वचेच्या तेलावर तो वाढतो आणि कपडा वाळला तरी तग धरतो. म्हणून अंगाला लावला, जरा घाम आला, की तोच वास परत येतो. वरून सुगंधी द्रव घालून तो जात नाही. सुती, रंग न जाणारा टॉवेल असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात भिजवा, काठीने ढवळा आणि त्याच दिवशी पूर्ण वाळेल असा टांगा. जितका वेळ कपडा ओला राहील तितकी त्या जिवाणूची सोय.

आणि ३०२, तुमच्याकडे बाळ आणि आजी आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिते. लघवी लागलेला कपडा थेट ब्लीचमध्ये टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी क्लोरीनच्या ब्लीचचा संयोग झाला की क्लोरामाइन वायू तयार होतो, त्याने डोळे आणि घसा जळजळतो, श्वासाला त्रास होतो. आधी साध्या पाण्यातून दोनदा काढा. ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा लिंबूही कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बाथरूमसारख्या बंद जागेत हे फार धोक्याचं आहे.

फ्लॅट ३०२ : हे अजिबात माहीत नव्हतं. घरात सगळ्यांना वाचून दाखवते.

फ्लॅट ५०३ : ताई, माझे वडील दोन वर्षं अंथरुणावर होते. पूर्ण चादर रोज बदलू नका. मधल्या भागावर खाली वॉटरप्रूफ शीट आणि वर आडवं सुती कापड घाला, गादीखाली दोन्हीकडून घट्ट खोचा. खराब झालं तर तेवढंच निघतं, मोठी चादर वाचते. कापडाला सुरकुती राहू देऊ नका, त्याने पाठीला जखम होते. शी लागलेलं कापड झटकू नका. घाण आधी संडासात टाका, गार पाण्यातून काढा, मग गरम पाणी आणि पावडर. हातमोजे घालाच, आणि नंतर हात साबणाने धुवा.

फ्लॅट १०४ : मला एक सांगावंसं वाटतं. सहा माणसांचं धुणं एकट्या ताईंनी का करायचं? आमचं मशीन बंद होतं तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी आणि कळत्या मुलांनी आपापले आतले कपडे आणि मोजे आंघोळीलाच धुवायचे असं ठरवलं. रोजची बादली निम्मी झाली. आणि एकदा घातलेली जीन्स किंवा स्वेटर लगेच धुण्यात टाकू नका, हवेवर टांगा. हे धुण्याच्या दिवसावर टाकण्यात काहीच कमीपणा नाही.

फ्लॅट ५०१ : अगदी खरं. आणि धुणं साठवू नका. रोज एक बादली झेपते, रविवारी सात बादल्या झेपत नाहीत.

फ्लॅट ४०१ : ३०२, आजींच्या चादरी आणि टॉवेल माझ्या मशीनमध्ये लावत जा. संकोच करू नका. बाकीचं हाताने होईल, पण हे वजनदार कपडे रोज पिळणं खरंच अवघड आहे.

फ्लॅट ३०२ : ताई, काय बोलू. दोन-तीन दिवसांआड एक खेप आणते. खराब झालेलं असेल ते आधी घरी पाण्यातून काढून, पिळून आणीन.

फ्लॅट ४०१ : दुपारी तीननंतर या, तेव्हा मशीन मोकळं असतं. पावडर आणू नका. आमचं फ्रंट लोड आहे, हाताने धुण्याच्या पावडरीचा त्यात एवढा फेस होतो की मशीन मध्येच थांबतं. माझ्याकडची वापरू.