व्हेप मॉड टाइल्सवर आपटला, 'चेक ॲटमायझर' येतंय. सेल आणि टाकीबद्दल सल्ला हवा

सारंग_लेस्टर

माहितगारांनी मार्गदर्शन करावं. दोन १८६५० सेलचा (गोल लिथियम बॅटऱ्यांचा) बॉक्स मॉड, म्हणजे ई-सिगारेटचं बॅटरी आणि बोर्डाचं खोकं, कमरेच्या उंचीवरून स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर पडला, टाकीच्या बाजूने. टाकी (द्रव भरायचा आणि कॉइल बसवायचा भाग) सब-ओहम, म्हणजे एक ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्सची, आतली मेश कॉइल (द्रव तापवणारी जाळी) ०.१५ ओहमची, ६५-७० वॉटवर वापरतो. सध्याची लक्षणं अशी:

बटण पाच वेळा दाबलं तर तीनदा 'चेक ॲटमायझर' येतं, म्हणजे मॉडला कॉइल सापडत नाही. बाकी वेळा वाफ येते, पण रेझिस्टन्स कधी ०.१५ दिसतो, कधी ०.४२. टाकीच्या काचेला केसाएवढी चीर आहे. बाहेर फारसं गळत नाही, पण ओढताना गुडगुड होते आणि द्रव तोंडात येतो. बॅटरीचं झाकण पूर्वीसारखं घट्ट बसत नाही.

बोर्ड गेला असेल का? नवा मॉड घ्यावा की फक्त टाकी बदलावी? आणि डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला जायचंय, तेव्हा सोबत न्यायला काय बरं पडेल? आगाऊ धन्यवाद.

मीटरवाला

सारंग, सगळ्यात आधी बटण दाबून बघणं थांबवा आणि सेल बाहेर काढा. टाकी, काच, बोर्ड हे नंतर बघू, त्यांनी कुणाला इजा होत नाही. सेलने होऊ शकते. मॉड मध्ये मध्ये चालतोय म्हणजे सेल ठीक आहेत, असा अर्थ काढू नका. केबल लावून चार्जिंग तर अजिबात करू नका.

काढलेले सेल उजेडात धरून बोटांत सावकाश फिरवा आणि तीन गोष्टी बघा.

एक, वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन. १८६५० चा पूर्ण डबा, बुडापासून वरच्या कडेपर्यंत, ऋण टोक असतो. धन टोक म्हणजे फक्त वरची मधली टोपी. या दोन्हींत जेमतेम एक-दोन मिलिमीटरचं अंतर असतं. वेष्टन फाटून उघडा डबा मॉडच्या धातूला लागला तर सरळ शॉर्ट होतो, आणि तो प्रवाह बोर्डातून जातच नाही. म्हणजे बोर्डातलं शॉर्ट-सर्किट संरक्षण तिथे काहीच करू शकत नाही.

दोन, धन टोकावरची कागदी किंवा प्लॅस्टिकची चकती. ती सरकली, चुरगळली किंवा अर्धी निघाली असेल तर धोका तोच, उलट जास्त. कारण तिथेच दोन्ही टोकं सगळ्यात जवळ असतात.

तीन, पोचा. नख फिरवून बघा, डोळ्याला न दिसणारा पोचा नखाला लागतो. आत तांबं आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची गुंडाळी असते आणि त्यांच्यामध्ये २० मायक्रॉनच्या आसपास जाडीचा प्लॅस्टिकचा पापुद्रा. पोचा आला की तिथे तो दबतो. शॉर्ट लगेच होईलच असं नाही. चार चार्जिंगनंतर, सेल गरम असताना होऊ शकतो. पोचा आलेला सेल बाद, यात तडजोड नाही.

मल्टिमीटर असेल तर दोन्ही सेलचं व्होल्टेज दोन दशांशांपर्यंत लिहून ठेवा. २४ तासांनी पुन्हा मोजा. चांगला सेल एका दिवसात फार तर ०.०१ व्होल्ट उतरेल. ०.०५ किंवा जास्त उतरला तर आत गळती आहे. तोवर टोकांना इन्सुलेशन टेप लावून दोन्ही वेगवेगळ्या चिनी मातीच्या बशांत, बाहेर दगडी पायरीवर किंवा फरशीवर ठेवा, पाऊस लागणार नाही असे. ड्रॉवरमध्ये नाही, प्लॅस्टिकच्या डब्यात नाही.

आणि सेल हाताला गरम लागला, फुसफुस आवाज आला किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास आला तर पुन्हा उचलू नका. सगळ्यांना घेऊन लांब व्हा आणि ९९९ ला (ब्रिटनमधला आपत्कालीन नंबर) फोन करा.

सारंग_लेस्टर

धन्यवाद, लगेच काढले. एका सेलचं वेष्टन वरच्या कडेला साधारण ४ मिमी फाटलंय, चांदीसारखा धातू दिसतो. चकती जागेवर आहे. दुसऱ्याचं वेष्टन धड आहे, पण बुडाच्या कडेला नख अडकतं. दोन्ही ३.८७ व्होल्ट.

विनू_पाटील२२

फाटलेल्याला सेलोटेप गुंडाळा, चालून जातं. नवे सेल कशाला?

मीटरवाला

विनू, सेलोटेप नको. मॉड तापला की तिचा डिंक पातळ होऊन सरकतो, आणि सेल आत-बाहेर करताना टेपची कड झाकणाच्या पट्टीत अडकते. वेष्टन बदलायचंच तर १८६५० साठी तयार पीव्हीसी नळी मिळते, सपाट रुंदी साधारण ३० मिमी, लांबी ७०-७२ मिमी. जुनं वेष्टन नखाने सोलायचं, ब्लेड वापरायचं नाही. चकती जागेवर ठेवायची, नळी चढवून हेअर ड्रायरची ऊब द्यायची. दहा-पंधरा सेकंदांत आवळते. वरच्या कडेवर १-२ मिमी वळली पाहिजे. नंतर वर मॉडेलचं नाव लिहायचं, नाहीतर सहा महिन्यांनी कुठला सेल तेच कळत नाही.

पण सारंगच्या बाबतीत हा उद्योग करू नये. नख अडकतंय म्हणजे दुसऱ्या सेलला पोचा आहे, तो बाद. आणि दोन सेलच्या मॉडमध्ये जोडी एकत्र विकत घेतलेली, एकत्र वापरलेली आणि एकत्र चार्ज केलेलीच हवी. एक जुना आणि एक नवा घातला की कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला नको तितका खाली ओढतो. म्हणून दोन्ही बदला. व्होल्टेज सारखं दिसतंय त्यावर जाऊ नका, पोच्याचं नुकसान पहिल्या दिवशी मीटरवर दिसत नाही.

कावेरी_वाफ

सेलबद्दल मीटरवाला यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता टाकीकडे येते.

०.१५ चा ०.४२ होणं ही बोर्ड गेल्याची खूण सहसा नसते. कुठेतरी संपर्क सुटतोय. जागा तीनच: कॉइल आणि टाकीचं बूड, टाकी आणि ५१० चा जोड (टाकी मॉडवर फिरवून बसवायचे आटे), किंवा ५१० ची पिन आणि बोर्ड यांमधलं सोल्डर. बाहेरून आत या क्रमानेच तपासा. हे सगळं सेल काढलेले असताना.

टाकी सोडवा आणि ५१० चे आटे भिंगाखाली बघा. तिरकस आपटलं तर पहिला आटा दबतो, मग टाकी पूर्ण बसते असं वाटतं पण बसलेली नसते. टाकी आणि मॉडच्या मध्ये एका बाजूला कागद सरकला तर समजा की ती तिरकी आहे. मग मधली पिन लाकडी टूथपिकने हलकी दाबा. स्प्रिंगवर असेल तर खाली जाऊन लगेच वर आली पाहिजे. खालीच राहिली तर बहुधा चिकट द्रव साचलाय. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानकाडी किंचित ओली करून पुसा आणि अर्धा तास वाळू द्या. पिन पक्कडने उपसू नका, मागचं सोल्डर तुटतं.

आता कॉइल. तिच्या बुडाशी सिलिकॉनची छोटी रिंग असते आणि तिच्यात धन पिन दाबून बसवलेली असते. आपटल्यावर हीच पिन तिरकी होते किंवा आत जाते. आत गेली तर 'चेक ॲटमायझर', तिरकी होऊन कडेला लागली तर शॉर्टचा संदेश. ती सरळ करत बसू नका, नवी कॉइल लावा. शिवाय त्या टाकीत काचेचा चुरा असू शकतो आणि कॉइलच्या कापसात गेलेला चुरा धुऊन निघत नाही.

गुडगुड त्या चिरेमुळेच आहे. टाकीत द्रव खाली राहतो कारण वर थोडा निर्वात दाब असतो. चिरेतून हवा शिरली की तो दाब जातो आणि द्रव कॉइलमध्ये भरतो. म्हणून बाहेर गळत नाही, पण तोंडात येतं. आतला द्रव टाकून द्या, गाळून वापरू नका. काच बदलताना दोन्ही ओ-रिंगही बदला. काचेचा व्यास त्याच टाकीचा हवा, नुसतं '२ एमएल' बघून घेऊ नका. सांडलेला द्रव साबण लावून धुवा, त्यातलं निकोटिन कातडीतून आत जातं. घरात लहान मूल असेल तर ओट्यावरचा थेंबही पुसून घ्या.

नवी कॉइल लावल्यावर कापसाच्या भोकांवर चार-पाच थेंब घाला, टाकी भरा, १० मिनिटं थांबा. ४० वॉटपासून सुरू करून ५-५ ने वाढवा.

विनू_पाटील२२

टेपचं लक्षात आलं, माझाही एक सेल तसा होता, काढून ठेवला. कॉइल मल्टिमीटरवर मोजता येते का?

कावेरी_वाफ

अचूक नाही. साध्या मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स ०.१ ते ०.३ ओहम असतो, म्हणजे ०.१५ च्या कॉइलइतका किंवा तिच्या दुप्पट. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून आकडा घ्या आणि तो वजा करा, तरी अंदाजच मिळतो. मीटर दोनच गोष्टींसाठी वापरा: सर्किट उघडं आहे का, आणि टाकीतून कॉइल काढल्यावर पिन आणि बाहेरचा धातू यांच्यात जोड दाखवतो का. दाखवला तर टाकीच्या बुडातलं इन्सुलेशन गेलंय.

खरी परीक्षा अदलाबदलीची. ही टाकी नव्या कॉइलसह दुसऱ्या मॉडवर आणि दुसरी टाकी या मॉडवर लावा. दुसरी टाकीही या मॉडवर आकडा हलवत असेल, त्यातही टाकी बोटाने बाजूला रेटली की बदलत असेल, तर आतलं सोल्डर तडकलंय. अशा वेळी वॉट कमी करून चालवू नका. सुटणाऱ्या जोडावर उष्णता साचते.

मीटरवाला

झाकणाबद्दल राहिलं. सैल झाकण म्हणजे खालच्या संपर्कपट्टीवर दाब कमी, म्हणजे ठिणगी आणि उष्णता. बिजागरी वाकली असेल किंवा चुंबक निखळला असेल तर तो मॉड नव्या सेलसह वापरू नका. रबर बँड लावून वापरणारे असतात, तसं करू नका. माझं मत: झाकण आणि ५१० दोन्ही धड निघाले तरच मॉड ठेवा. एकही बिघडलेलं असेल तर बदला.

सेल कुठले? हिशोब असा. ७० वॉट, दोन सेल सिरीजमध्ये, शेवटी प्रत्येकी ३.२ व्होल्ट, बोर्डाची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ७० भागिले (६.४ गुणिले ०.९), म्हणजे साधारण १२ अँपिअर. सॅमसंग २५आर (२५०० एमएएच, २० अँपिअर) किंवा मोलिसेल पी२८ए (२८०० एमएएच) यात आरामात बसतात. ३०क्यू आणि व्हीटीसी६ ला १५ अँपिअर धरा, चालतील, पण ७० च्या वर जाऊ नका. ज्या १८६५० वर ६००० किंवा ९९०० एमएएच छापलंय तो खोटा, हातात घेऊ नका. जोडी घेतल्या दिवशी दोन्हींवर तारीख टाका. आणि मॉडच्या केबलने नाही, वेगळ्या चार्जरवर चार्ज करा.

निशिगंधा_स्लाव

इथेच विचारते. माझं पॉडवालं छोटं व्हेप पडलं, बॅटरी आतच आहे. पॉड (द्रवाची कुपी) काढला तरी दिवा मध्येच आपोआप लागतो. काय करू?

कावेरी_वाफ

निशिगंधाताई, पॉड काढलेलाच ठेवा, म्हणजे तापायला कॉइलच नाही. ओढल्यावर चालू होणाऱ्या उपकरणात हवेच्या दाबाचा सेन्सर असतो. धक्क्याने द्रव त्या भोकात गेला की त्याला सतत कुणीतरी ओढतंय असं वाटतं. पॉडची जागा टिशूने टिपा आणि उपकरण तोंड खाली करून टिशूवर रात्रभर ठेवा. तांदळात ठेवू नका, पिठी संपर्कांत बसते. हीटरवरही नको.

सकाळी दिवा आपोआप लागत असेल तर ते बाद. लागत नसेल तर कवच बघा: जोड फुगलाय का, टेबलावर ठेवलं की डुलतं का. आतली बॅटरी पातळ पाकिटाची असेल तर फुगलेली कळते. फुगली असेल तर उघडू नका, दाबू नका. सगळं ठीक वाटलं तर पहिलं चार्जिंग जागेपणी, टाइल्सवर ठेवून करा. कोमट होणं ठीक, हातात धरवत नसेल तर केबल काढा.

मीटरवाला

बाद झालेल्या वस्तू कुठे द्यायच्या, तर ब्रिटनमध्ये व्हेप विकणाऱ्या दुकानाला जुनं उपकरण परत घ्यावं लागतं. पण पोचा आलेला सुटा सेल सुपरमार्केटच्या बॅटरीच्या डब्यात टाकू नका, शंभर बॅटऱ्यांच्या मध्ये जाऊन बसतो. टोकांना टेप लावून काउन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरवर न्या आणि तिथल्या माणसाला 'लिथियम आहे, मार बसलाय' असं सांगून हातात द्या. कचऱ्याच्या गाडीत तर नाहीच.

आणि सारंग, पुण्याला काहीच नेऊ नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण सगळ्यावर बंदी आहे. आयात-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सामानात स्वतःपुरतं एक नेलं तरी ती आयातच. तीन आठवड्यांसाठी निकोटिन गम किंवा पॅचबद्दल आताच फार्मसिस्टशी बोला, म्हणजे निघण्याआधी सवय होईल. घरी ठेवून जाल ते सेल मॉडमधून काढा, ३.७ च्या आसपास असू द्या आणि प्लॅस्टिकच्या सेलच्या डबीत ठेवा. नवे सेल आहेत म्हणून डबी चालेल, जुन्यांसाठी पायरीच.

सारंग_लेस्टर

२४ तास झाले. वेष्टन फाटलेला ३.८७ वरच आहे, पोच्याचा ३.७९. दोन्ही सेंटरवर देतोय. मित्राची टाकी या मॉडवर लावली, ०.१८ चा आकडा रेटूनही हलला नाही, म्हणजे ५१० ठीक. माझ्या कॉइलची पिन आत गेलेली दिसली. झाकणाची बिजागरी मात्र वाकलेली आहे, म्हणून मॉड बदलतो. टाकी ठेवतो: काच, दोन ओ-रिंग, नवी कॉइल, आणि २५आर ची जोडी.

कावेरी_वाफ

बरोबर. काच मागवताना टाकीच्या बुडाचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून घ्या. एकाच नावाच्या टाक्यांचे दोन आकार बाजारात असतात.