‘लोलिता’: भाषा इतकी देखणी असावी का?

रामबागकर
खजूरी बाजारात घेतलेली जुनी प्रत तीन वर्षं कपाटात पडून होती. या पावसाळ्यात वाचली आणि आठ दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: व्लादिमीर नाबोकोव्हची ही इंग्रजी कादंबरी १९५५ साली पॅरिसमध्ये छापली गेली. हंबर्ट नावाचा शिकलासवरलेला माणूस बारा वर्षांच्या मुलीवर डोळा ठेवून तिच्या आईशी लग्न करतो. आई मोटारीखाली जाते. मग तो त्या पोरीला गाडीत घालून अमेरिकाभर हिंडवतो, तिच्यावर अत्याचार करत राहतो. सांगणारा तोच, कैदेतून, ज्यूरीला उद्देशून.

भाषा अतिशय सुंदर आहे, आणि ती गुन्हेगाराच्या तोंडी आहे. मीही त्या नादात वाहवलो, दोन-तीनदा हसलोसुद्धा. अर्ध्यावर एक लांबलचक वाक्य येतं. एवढ्या प्रवासातून काय उरलं, तर फाटके नकाशे, जुने टायर, आणि शेवटी तिचे हुंदके. रोज रात्री, तो झोपेचं सोंग घेतो तेव्हाचे. पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आपण कोणाच्या बोलण्यावर हसत होतो, ते तिथे कळलं. भाषा ओबडधोबड असती तर मी पहिल्याच पानावर त्याला ओळखलं असतं आणि स्वतःबद्दल काहीच कळलं नसतं.

सातवी ब
दादा, मी बावीस वर्षं सातवीला शिकवते. त्या वयाच्या मुली रोज समोर बसतात. दप्तराला घुंगरू बांधतात, डबा विसरल्या की रडतात. तुम्हाला स्वतःबद्दल कळावं म्हणून एका पोरीने तीनशे पानं हे सोसायचं? सगळीकडे त्याचाच आवाज. आणि जगाने काय उचललं? ‘लोलिता’ म्हणजे पुरुषाला नादी लावणारी मुलगी! मुखपृष्ठावर मुलगी नको, असं नाबोकोव्हने स्वतः प्रकाशकाला कळवलं होतं. तरी पुढे मुलीच छापल्या गेल्या. इतके लोक चुकीचं वाचतात, तेव्हा सगळा दोष वाचकांवर ढकलता येत नाही.

टिळकनगर
मी चाळीस पानांवर सोडली. अश्लील म्हणून नाही, तसा शब्दही सापडला नाही. त्या माणसाच्या शेजारी बसवेना. यावर ‘तुम्हाला साहित्य कळत नाही’ असं ऐकून घ्यावं लागलं, त्याचं वाईट वाटतं.

जुनी इंदूर
ताई, जगाने उचललेला अर्थ पुस्तकात नाही. तिचं नाव डोलोरेस. त्या शब्दातच वेदना आहे. ‘लोलिता’ हे हंबर्टने दिलेलं नाव. १९४८ साली अमेरिकेत सॅली हॉर्नर या अकरा वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन एका माणसाने जवळपास दोन वर्षं ताब्यात ठेवलं होतं. त्या खऱ्या मुलीचं आणि त्या माणसाचंही नाव कादंबरीत येतं. मीही तेच केलं का, असं हंबर्ट स्वतःला विचारतो. लेखकाला माहीत होतं आपण काय लिहितोय. आणि सुरुवातीचं निवेदन पुन्हा वाचा. शिलर आडनावाची एक बाई १९५२ च्या नाताळच्या दिवशी बाळंतपणात गेली, मूलही मृत जन्मलं. ती डोलोरेसच. सासरच्या नावाने लिहिल्यामुळे आपण पुढे निघून जातो.

रामबागकर
मीही निघून गेलो होतो. आत्ता उघडून पाहिलं. ताई, एक मान्य करतो: वर मी सगळं लिहिलं, पण मुलीचं नाव लिहिलं नाही. टिळकनगर, तुम्ही सोडलीत त्यात काहीच चूक नाही.

सातवी ब
ते निवेदन मीही वाचलं. डोळ्यांत पाणी आलं. तरी मत तेच आहे, दादा. हंबर्टचा मोह पहिल्या वाचनात समजतो, आणि ती पोर मेली हे कळायला पुस्तक दुसऱ्यांदा उघडावं लागतं. माझी तक्रार हीच आहे.