जुनी पेट्रोल पिकअप मधूनच मिसिंग मारते, आधी काय तपासू?

लोडवाला
नमस्कार मंडळी. सेकंड हँड पिकअप घेतली आहे. पेट्रोल, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगीची वीज देणारी स्वतंत्र कॉइल, रनिंग दोन लाखांच्या पुढे. इंजिन थंड असताना काही तक्रार नाही. गरम झाल्यावर, मागे माल असताना, चढावर वरच्या गिअरमध्ये दाबली की झटके देते. गिअर खाली टाकला की झटके गायब. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर दिवसभर फिरवली तरी काही होत नाही. चेक इंजिनचा दिवा कधी लागतो, कधी आपोआप विझतो, एकदा तर चढावर लुकलुकला. साधा ब्लूटूथ स्कॅनर लावला तर पी०३०० आणि पी०३०२ असे दोन कोड आले. विकणाऱ्याने चारही प्लग नवे टाकलेत, बिल दाखवलं.
बजेट म्हणाल तर एक-दोन सुटे भाग आणि माझी मेहनत. इंजिन खोलायचं नाही आणि गाडी गॅरेजला ठेवायची नाही, रोज लागते. कुठून सुरुवात करू?

जुनागडी
पेट्रोल पंप. डोळे झाकून बदला. माझ्या पिकअपला हेच होतं, चढ आला की धापा टाकायची. टाकी उतरवली, पंप आणि फिल्टर नवा टाकला, तेव्हापासून चढावर पुढच्याला हॉर्न मारतो. बजेट वगैरे जुन्या गाडीत चालत नाही हो.

टॉर्करेंच
पंप कमजोर असेल तर चारही सिलिंडर उपाशी राहतील. मग एकट्या दोन नंबरचं नाव का येतंय? पी०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) एका ठिकाणी बांधलेला नाही, पी०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. दुसऱ्यापासून सुरुवात करा.
धागाकर्ते, कोड पुसू नका. त्याच स्कॅनरमध्ये 'फ्रीझ फ्रेम' असते, कोड पडला त्या क्षणी आरपीएम, लोड, कुलंटचं तापमान काय होतं ते त्यात साठतं. कोड पुसलात की तेही गेलं. ते आकडे इथे टाका. मग दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल करा आणि तोच चढ चढा. कोड ३०३ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला. ३०२च राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायरिंग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) या क्रमाने बघू. याला पैसे लागत नाहीत.
आणि दिवा लुकलुकायला लागला की पाय उचला. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून आतून वितळतो. मग बजेटवर नवा धागा काढावा लागेल.

डिझेलप्रेमी
इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा. चारही रिटर्नच्या नळ्या चार बाटल्यांत सोडा, ज्या बाटलीत जास्त डिझेल जमेल तो इंजेक्टर गेला.

लोडवाला
दादा, गाडी पेट्रोल आहे.

डिझेलप्रेमी
तिथेच चुकलात. माल वाहायला पेट्रोल घेतं का कोणी? स्पार्कच नाही तर मिसिंग कुठून येणार?

संध्या_एम
डिझेलही मिसिंग मारतं. इंजेक्टर बिघडला की मारतं, तुम्हीच वर बाटल्या लावायला सांगितल्यात.

कॉइलकाका
चारही कॉइल बदला. एक गेली की बाकीच्या रांगेत उभ्याच असतात. ओरिजिनलच घ्या. माझ्या गाडीत एकदम चार टाकल्या, आजतागायत बोनेट उघडलेलं नाही.

मुसाफिर
खराब रस्त्यावर खोटा मिसफायर कोड येतो असं ऐकलंय. क्रँकचा वेग कमी-जास्त झाला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं मिसफायर झाला. गाडी ठणठणीत असेल, कोड पुसून बघा.

टॉर्करेंच
ईसीयू मिसफायर तसाच ओळखतो, हे बरोबर. पण यांना झटके बसतायत, नुसता कोड नाही. आणि कोड पुसू नका हे मी वर लिहिलंय.

संध्या_एम
टाकीत इंजेक्टर क्लीनरची एक बाटली टाका, तेवढं तरी बजेटमध्ये बसतं. आणि पुढच्या वेळी प्लग इरिडियमचे टाका, ताकद वाढते.

टॉर्करेंच
इरिडियमने ताकद वाढत नाही, टोक हळू झिजतं म्हणून प्लग जास्त टिकतो. मॅन्युअलमध्ये जो प्लग आणि जो गॅप दिलाय तोच ठेवा. बाटलीने नुकसान नाही, पण निदानही होत नाही.

कॉइलकाका
इरिडियम टाकल्यावर माझी गाडी हलकी पळते, हा माझा अनुभव. पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही.

लोडवाला
सर्वांचे आभार. फ्रीझ फ्रेम: कुलंट ९१ अंश, आरपीएम १७५०, लोड ८६ टक्के, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) +३ टक्के.
कॉइलची अदलाबदल केली. चढावर पुन्हा झटके, आणि आता गंमत बघा: ३०२ आहेच, त्यात ३०३ ची भर पडली. आणखी एक. दोन नंबरची कॉइल उपसली तेव्हा तिच्या खालच्या रबराचं टोक तेलाने माखलेलं होतं. पुसून तीन नंबरला बसवली.

कॉइलकाका
बघा! मी काय म्हणालो होतो? दोन गेल्या. चार टाका.

जुनागडी
पंप बदलत नाही तोवर असंच एकेक सिलिंडर वाढत जाणार.

टॉर्करेंच
तेल! हे आधी सांगायला हवं होतंत.
प्लग ज्या नळीत खोल बसतो तिच्या वरच्या टोकाला टॅपेट कव्हरमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणात, एक गोल सील असतं. ते कडक झालं की इंजिन ऑइल नळीत झिरपतं. त्यात कॉइलचं रबर फुगतं, मऊ पडतं, त्याचं इन्सुलेशन जातं. मग ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता रबराच्या आतल्या बाजूने, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून घसरून प्लगच्या लोखंडाला भिडते. त्या वाटेवर कार्बनची बारीक काळी रेघ उमटते. एकदा रेघ पडली की पुढची ठिणगी तीच वाट धरते.
आता तुमचे दोन कोड. तेलकट रबर तीन नंबरवर गेलं, म्हणून तो सिलिंडर चुकायला लागला. दोन नंबरवर चांगली कॉइल आली, पण नळीत तेल आणि प्लगवर रेघ तिथेच राहिली, म्हणून तोही चुकतोय. कॉइल दोन्ही शाबूत असण्याची शक्यता जास्त.
विकणाऱ्याने प्लग नवे टाकूनही फरक का पडला नाही? प्लग नवे, रबर जुनं. जुन्या रबरातल्या रेघेने नव्या प्लगवर लगेच रेघ पाडली. प्लग आणि रबर जोडीनेच बदलायचं असतं. बऱ्याच कॉइलचं रबर, आतल्या स्प्रिंगसकट, सुटं मिळतं. अख्खी कॉइल लागत नाही.

मुसाफिर
पण मग चढावरच का? तेल तर सपाटीवरही असतं.

टॉर्करेंच
कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की सिलिंडरमध्ये हवा भरपूर भरते, दाब चढतो. दाट हवेतून ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. तेवढं चढलं की वीज बाहेरची सोपी वाट पकडते. गिअर खाली टाकल्यावर त्याच चढाला थ्रॉटल कमी उघडा लागतो, म्हणून झटके थांबतात. यांच्या फ्रीझ फ्रेममध्ये हेच दिसतंय, १७५० ला ८६ टक्के लोड.
@जुनागडी, ट्रिम +३ आहे. पंप दम तोडत असता किंवा कुठे हवा ओढत असती तर हा आकडा बहुधा दहाच्या पुढे असता.

जुनागडी
आकडे तुम्ही बघा. मी गाडी चालवतो.

वाचनमात्र
एरवी नुसता वाचतो, पण प्लग काढणारच आहात तर कॉम्प्रेशन बघून घ्या, गेज उसना मिळतो. इंजेक्टर आणि कॉइलचे कपलर काढून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही सिलिंडर सारखाच वेळ फिरवा. सर्वात कमी आकडा सर्वात जास्तीच्या पाऊणपटीखाली नसावा. आणि प्लग सोडवण्याआधी नळीतलं तेल कापडाने टिपून घ्या, वरची माती हवेने उडवा. थोडं तेल आत गेलं तर धूर येईल इतकंच, पण वाळूचा खडा गेला तर सिलिंडरला ओरखडा पडेल. प्लग काढणं-बसवणं इंजिन थंड असतानाच, हेड अॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना त्याचे आटे खराब होऊ शकतात.

संध्या_एम
नवं रबर बसवताना ग्रीस लावायचं विसरू नका.

कॉइलकाका
ग्रीस अजिबात नको, करंट अडतो.

टॉर्करेंच
डायइलेक्ट्रिक ग्रीस इन्सुलेटरच आहे, म्हणून रबराच्या आतल्या कडेला बोटाने पातळ थर द्यायचा, स्प्रिंगवर नाही. प्लगच्या आट्यांना काहीही लावू नका. आटे निसरडे झाले की त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

डिझेलप्रेमी
प्लग, कॉइल, रबर, ग्रीस. आमच्याकडे यातलं एकही नाही. चालू द्या.

लोडवाला
अपडेट. दोन नंबरच्या नळीत प्लगचा षटकोन बुडेल इतकं तेल होतं. प्लगच्या पांढऱ्या भागावर खरंच उभी काळी रेघ होती, रबर आतून चिरलेलं. तीन नंबरच्या प्लगवरही तशीच रेघ उमटायला लागली होती. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं आलं.
दोन प्लग आणि दोन रबरं बदलली, नळी क्लीनर आणि कापडाने कोरडी केली. माल भरून त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये नेली. एकही झटका नाही.
सील मात्र टाकलं नाही. माझ्या कव्हरमध्ये ते अंगचंच आहे, सुटं मिळत नाही, अख्खं कव्हर घ्यावं लागतं. सध्या ते नाही. अधूनमधून कॉइल उपसून तेल टिपत राहीन.

टॉर्करेंच
तेल थांबवलं नाहीत तर रबर पुन्हा जाणार. काही इंजिनांच्या अंगच्या कव्हरसाठीही बाहेरच्या कंपन्या सुटी सील काढतात, चौकशी करा. कव्हर खोलणं म्हणजे इंजिन खोलणं नव्हे.

वाचनमात्र
+१. सील टाकाच.

कॉइलकाका
चार कॉइल टाकल्या असत्या तर हा धागा इतका लांबला नसता.

लोडवाला
कॉइल टाकल्या असत्या तर तेलातच बुडाल्या असत्या काका. सील बघतो, पण आधी मागचे टायर. ते जास्त घाईचे आहेत.

जुनागडी
टायर कुठले घेताय? माझं ऐका, मी गेल्या वेळी

जुनागडी
अर्धवटच गेलं. टायरवर लिहायला बसलो तर वेळ जाईल, वेगळा धागा काढा.

नवखा_ड्रायव्हर
माझीही पिकअप मिसिंग मारते, पण उलट. सकाळी सुरू केल्यावर मिनिटभर थरथरते, पांढरा धूर येतो, मग एकदम ठीक. कुलंट थोडं थोडं कमी होतं, गळती कुठेच दिसत नाही. मीही प्लग आणि रबर बदलू का?

टॉर्करेंच
नाही. रात्रभरात कुलंट सिलिंडरमध्ये झिरपत असावं. हेड गॅसकेटची तपासणी होईपर्यंत लांब नेऊ नका, आणि नवा धागा काढा.

जुनागडी
पंपही बघून घ्या.