‘पोरकट’ आणि ‘बालिश’ यांत फरक कोणता?

प्रश्न (वेंगुर्ले): होडीत जागा न मिळाल्यामुळे जेटीवरच रुसून बसलेल्या चाळिशीच्या पाहुण्याला मी ‘बालिश’ म्हणालो, तेव्हा आईने ‘पोरकट म्हण’ असे सुचवले. या शब्दांत खरोखर फरक आहे का?

उत्तर (मालवण): आहे, आणि आपल्या आईंचा कान चोख आहे. ‘बालिश’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द युक्तिवादातील, विचारातील अपरिपक्वतेला अधिक शोभतो. ‘पोरकट’मध्ये मात्र ‘मळकट’, ‘तेलकट’ यांतला ‘कट’ असल्याने नापसंतीची छटा उतरते, म्हणून रुसव्याफुगव्याला तोच नेमका बसतो.

उत्तर (गुहागर): सहमत. पाच वर्षांच्या मुलाला मात्र कोणी पोरकट म्हणत नाही. ‘पोरखेळ’ आणखी वेगळा: तो माणसाला नव्हे, गांभीर्याने न केलेल्या कामाला लागतो.